हरकती : निरंक

नामपूरला घरी आले की एक प्रश्न ठरलेला असतो. "ताई, तुझी पीएच.डी. नक्की कशावर आहे गं?" मी म्हणते, झोन बदलावर. समोरचा माणूस लगेच खूश होतो, कारण हा विषय त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतो अशी त्याची खात्री असते. "म्हणजे एनए ना? ग्रामपंचायतीचा ठराव घ्यायचा, फाईल वर सरकवायची, झालं काम."

या एका वाक्यात निदान दोन चुका आहेत आणि एक मोठं सत्य आहे. सत्याकडे नंतर येते. चुका आधी सांगते, कारण त्याच चुका मला संशोधनाच्या सिनॉप्सिसमध्येही दिसतात. पेट पास होऊन 'जमीन वापरातील बदल व स्थानिक स्वराज्य संस्थांची भूमिका' अशा नावाचा विषय घेणारे बरेच जण आहेत. मीही त्यातलीच एक. एम.एस्सी. संख्याशास्त्रात केली, त्यामुळे सुरुवातीला कायदा म्हणजे 'बॅकग्राउंड चॅप्टर' असं समजून चालले होते. तो चॅप्टर आता तिसऱ्यांदा लिहिते आहे.

पहिली चूक: एनए आणि झोन एकच नाही. एनए, म्हणजे बिनशेती, हा महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ चा विषय. झोन हा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ चा. दोन्ही कायदे एकाच वर्षाचे, पण खाती वेगळी, फायली वेगळ्या. जमीन आराखड्यात ग्रीन झोनमध्ये, म्हणजे शेती विभागात असेल, तर तिथे निवासी लेआउट टाकण्याआधी मुळात आराखडाच हलवावा लागतो. अलीकडे दोघांची सरमिसळ वाढली आहे हे खरं. महसूल संहितेत ४२-अ पासून पुढची कलमं आली. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत, जिला सगळे युडीसीपीआर म्हणतात, गावठाणाच्या आसपास प्रीमियम भरून निवासी वापराची सोय झाली. त्यामुळे आज कित्येक जमिनींचा वापर झोन न बदलताच बदलतो. याचा अर्थ असा की फक्त झोन बदलाच्या अधिसूचना मोजून 'शेतजमीन किती घटली' हे सांगणारा प्रबंध सुरुवातीलाच कमी मोजत असतो.

दुसरी चूक: निर्णय ग्रामपंचायत घेत नाही. इथे मला आपल्या विषयाच्या नावावरच टीका करायची आहे. 'स्थानिक शासन झोन बदलाच्या अर्जांवर निर्णय कसा घेतं' हा प्रश्न आपण इंग्रजी पुस्तकांतून उचललेला आहे. अमेरिकेत काउंटी किंवा शहराची कौन्सिल असते. मालक तिच्याकडे अर्ज करतो, एका संध्याकाळी जाहीर सुनावणी होते, शेजारीपाजारी बोलतात, मतदान होतं. अर्ज, सुनावणी, मत सगळं एका खोलीत. त्या एका खोलीवर तिकडे संशोधनाचं अख्खं कपाट भरलेलं आहे.

आपल्याकडे ती खोलीच नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने जी बारावी अनुसूची आली तिच्यात नगररचना आणि जमीन वापराचं नियमन हे विषय नगरपालिकांसाठी लिहिले. ७३ व्या दुरुस्तीची अकरावी अनुसूची, जी पंचायतींसाठी आहे, तिच्यात २९ विषय आहेत. जमीन सुधारणा आहे, मृदसंधारण आहे, जमीन वापराचं नियमन नाही. म्हणजे नामपूरसारख्या मोठ्या बाजाराच्या गावातही, जिथे कांद्याच्या हंगामात ट्रॅक्टरची रांग लागते, बाजार समितीच्या भोवतीची शेतं कधी गाळे होणार हे ठरवण्याचा घटनेतला विषय ग्रामपंचायतीच्या वाट्याला आलेलाच नाही. बागलाण तालुक्यात सटाण्याला नगरपरिषद आहे, तिला नियोजन प्राधिकरणाचा दर्जा आहे. नामपूरला नाही. इथे प्रादेशिक योजना लागू होते आणि तिच्यातला फेरबदल कलम २० खाली राज्य शासन करतं. ग्रामपंचायतीचा ठराव फाईलला लावतात, पण त्याचं वजन शिफारशीइतकं. कधी तेवढंही नाही.

शहरात काय? तिथे कलम ३७. नियोजन प्राधिकरण, म्हणजे महापालिका किंवा नगरपरिषद, फेरबदलाचा प्रस्ताव करतं, राजपत्रात सूचना देतं, हरकती मागवतं, सुनावणी घेतं आणि प्रस्ताव शासनाला पाठवतं. मंजुरी द्यायची, बदलून द्यायची की नाकारायची हे शासन ठरवतं, नगररचना संचालकांचा सल्ला घेऊन. शासन प्राधिकरणाला 'हा फेरबदल सुरू करा' असा निर्देशही देऊ शकतं, आणि प्राधिकरणाने मुदतीत केलं नाही तर स्वतःच सूचना काढू शकतं. आता सांगा, यात 'स्थानिक शासनाचा निर्णय' नेमका कुठे बसवायचा? महासभेच्या ठरावात? पण तो ठराव मंत्रालयातून आलेल्या पत्रानंतर झाला असेल तर? आणि महासभाच नसेल तर? नाशिक महापालिकेच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे साडेतीन वर्षांहून जास्त काळ प्रशासक होते. त्या काळात आयुक्त म्हणून प्रस्ताव मांडणारा आणि प्रशासक म्हणून त्याला मान्यता देणारा अधिकारी एकच. त्या वर्षांचे ठराव आणि आधीच्या वर्षांचे ठराव एकाच तक्त्यात घालून 'सभागृहाची मान्यता' असा एक चल धरला, तर आपण दोन वेगळ्या गोष्टींना एक नाव देतो आहोत.

गावातल्या वाक्यातलं सत्य म्हणजे "फाईल वर सरकवायची". लोकांना माहीत आहे की निर्णय वर होतो. आपल्याला, रेफरन्स लावून लिहिणाऱ्यांना, ते उशिरा कळतं.

आता त्या कागदाकडे येऊ, ज्याच्यावर आपण सगळे अवलंबून असतो: फेरबदलाची अधिसूचना. ती साहित्य म्हणून वाचावी असं मी म्हणणार नाही, पण कागद म्हणून नीट वाचावी. साचा ठरलेला असतो. आधी योजना कधी मंजूर झाली. मग अमुक मौजे, अमुक गट नंबर, इतकं हेक्टर-आर क्षेत्र शेती विभागात आहे. मग फेरबदलाची विनंती आली. मग सूचना निघाली, हरकती मागवल्या, अधिकाऱ्याने अहवाल दिला, संचालकांशी विचारविनिमय झाला. मग शासनाचं मत झालं की फेरबदल मंजूर करणं आवश्यक आहे. शेवटी अटी, आणि त्यात बहुधा प्रीमियम.

कर्मणी प्रयोगाचा असा कळस दुसरीकडे सापडणार नाही. सगळं होतं, कोणी करत नाही. पण माझी तक्रार भाषेची नाही. 'विचारविनिमय झाला' आणि 'आवश्यक आहे' या दोन वाक्यांच्या मध्ये जे असायला हवं ते नसतं. का आवश्यक? याच गटात का, शेजारच्या का नाही? रस्त्याची रुंदी पुरते का, पाणी कुठून येणार, नाल्याचं काय? यातलं कदाचित फाईलमध्ये असतं. अधिसूचनेत नसतं. आणि राजपत्रात छापलेला तोच कागद संशोधकाच्या हाती सहज लागतो.

कारणं न लिहिण्यामागे आळस नाही, एक कायदेशीर कल्पना आहे. ती समजून घेतल्याशिवाय या विषयात पुढे जाऊ नका.

कल्पना अशी: आराखडा आणि विकास नियंत्रण नियम हा दुय्यम कायदा आहे, तेव्हा त्याच्यात बदल करणं म्हणजे कायदा करणं. २००४ साली पुणे महापालिका विरुद्ध प्रमोटर्स अँड बिल्डर्स असोसिएशन या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने विकास नियंत्रण नियम करणं हे वैधानिक काम आहे असं म्हटलं आणि कलम ३७ कडेही त्याच नजरेने पाहिलं. कायदा करणारा प्रत्येक हरकतदाराला 'तुझं का ऐकलं नाही' याचं लेखी उत्तर देत बसत नाही. दोन वर्षांनी, मार्च २००६ मध्ये, बॉम्बे डाइंगच्या निकालात गिरणगावच्या जमिनींचा प्रश्न आला. १९९१ च्या नियम ५८ प्रमाणे गिरण्यांची जमीन विकासाला काढली की ढोबळमानाने तीन वाटे: एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ च्या फेरबदलाने वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची करायची झाली. बांधकाम पाडून मोकळी होणारी जमीन हिशेबातून बाहेर गेली. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये सार्वजनिक वाट्याच्या बाजूने कौल दिला होता, सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. शेकडो एकर जमिनीचं भवितव्य ठरवणारा हा बदलसुद्धा कलम ३७ च्याच वाटेने गेला होता. ज्या फेरबदलाला कचेऱ्यांत आजही 'मायनर मॉडिफिकेशन' म्हणतात, त्याच वाटेने.

नियम सगळ्यांना सारखा लागू होणार असेल तर त्याला कायदा म्हणणं मला पटतं. पुण्याच्या प्रकरणात प्रश्न नियमांचा होता. गिरण्यांच्या प्रकरणातही निदान नियम एका मालकापुरता नव्हता. पण मौजे अमुक, गट नंबर तमुक, क्षेत्र दीड हेक्टर, मालक एक, अर्जदार तोच, फायदा त्याचाच, आणि तोटा झालाच तर शेजारच्या चार बांधांना. याला कायदा कसं म्हणायचं? हा तर वाद आहे, ज्यात एक मागणारा आहे आणि काही सोसणारे आहेत.

हाच मुद्दा ऑरेगन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये फासानो प्रकरणात मांडला. वॉशिंग्टन काउंटीत सुमारे ३२ एकर जागेवर फिरत्या घरांच्या वसाहतीसाठी झोन बदलून दिला होता, शेजारी कोर्टात गेले. कोर्ट म्हणालं की सर्वसाधारण धोरण ठरवणं हे वैधानिक काम, पण एका ठरावीक जागेला ते धोरण लावणं हे न्यायिक स्वरूपाचं. मग न्यायिक कामाच्या जबाबदाऱ्याही आल्या: पुरावा देण्याचा भार बदल मागणाऱ्यावर, बदल जितका मोठा तितका भार मोठा, दोन्ही बाजूंना पुरावा मांडायची आणि खोडायची संधी, निर्णय करणाऱ्याने आधीच कोणाशी बोलून ठेवायचं नाही, आणि निष्कर्ष लेखी. अमेरिकेत सगळ्या राज्यांनी हे मानलं नाही. बऱ्याच ठिकाणी झोन बदल अजून वैधानिकच धरतात. म्हणून 'परदेशात बघा किती छान' असं मी म्हणत नाहीये. प्रश्न विचारायची एक पद्धत तिथून घेण्यासारखी आहे, एवढंच.

आपल्या न्यायालयांना एका भूखंडाचा प्रश्न दिसत नाही असंही नाही. १९९१ च्या बंगळूरु मेडिकल ट्रस्ट विरुद्ध मुद्दप्पा या निकालात उद्यानासाठी ठेवलेली जागा खाजगी रुग्णालयाला देण्याचा प्रकार सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला, आणि तिथल्या रहिवाशांना दाद मागायचा हक्क आहे हेही मान्य केलं. माझ्या मते आपल्या विषयातला खरा ताण या निकालात आणि २००४-०६ च्या निकालांत आहे. यावर एक अख्खा प्रबंध होऊ शकतो. कोणी घेत असेल तर मला कळवा, माझ्याकडचं वाचन पाठवते.

वर्गीकरणाचा हा वाद कोर्टापुरता राहत नाही. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ चं कलम ४(१)(ड) उघडून बघा. प्रशासकीय किंवा न्यायिकवत निर्णयांची कारणं बाधित व्यक्तींना द्यावीत असं तिथे आहे. वैधानिक निर्णयांचा उल्लेख नाही. म्हणजे गट नंबर अमुकच्या फेरबदलाला 'कायदा' म्हटलं की शेजाऱ्याचा कारण विचारायचा तो दरवाजाही अर्धा लोटला जातो. फाईलवरच्या टिपण्या अर्ज करून मागता येतात, मिळतातही. पण मागून मिळणं वेगळं आणि देणं बंधनकारक असणं वेगळं.

आता 'किरकोळ' या शब्दाबद्दल, कारण इथे संख्याशास्त्रवाल्यांना काम आहे. कलम ३७ ची मुख्य अट अशी की फेरबदलाने आराखड्याचं स्वरूप बदलता कामा नये. किती बदललं म्हणजे स्वरूप बदललं? आकडा नाही. आकडा आहे तो कलम २२-अ मध्ये, पण तो आराखडा मंजूर होण्याआधीच्या टप्प्यासाठी. तिथे एका विभागातली जमीन दुसऱ्यात टाकल्याने त्या नियोजन घटकात दुसऱ्या विभागाचं क्षेत्र १० टक्क्यांनी वाढत असेल तर तो बदल ठळक मानला जातो. समजा हीच पट्टी कलम ३७ ला लावली, तरी काय होईल? एका घटकात १०० हेक्टर निवासी विभाग आहे. दर वेळी ९ टक्के वाढ, म्हणजे प्रत्येक बदल पट्टीच्या आत. आठ वेळा केलं तर १९९ हेक्टर. दुप्पट झालं आणि 'ठळक' असं एकदाही काही घडलं नाही. कारण मंजूर झालेला प्रत्येक फेरबदल आराखड्याचा भाग होतो आणि पुढचा बदल त्या नव्या आराखड्याशी ताडून पाहिला जातो. पाया सरकत जातो. म्हणून तुमच्या अभ्यासात तुलना आधीच्या वर्षाशी नको, मूळ मंजूर आराखड्याशी करा. हे सांगायला सोपं आहे. मूळ नकाशा मिळवून, स्कॅन करून, गट नंबरांवर बसवायला मला आठ महिने लागले आणि चष्म्याचा नंबर वाढला.

आणि आता 'निरंक'.

फेरबदलाच्या कागदांत हरकतींचा रकाना असतो आणि त्यात फार वेळा हा एकच शब्द असतो. माझ्या पहिल्या तक्त्यात मी तिथे ० भरत गेले. ० हरकती, प्रस्ताव मंजूर. ० हरकती, प्रस्ताव मंजूर. मग सहसंबंध काढला, सुंदर निघाला: विरोध नसेल तर मंजुरी. सादरीकरणाच्या दिवशी समितीतल्या एका मॅडमनी शांतपणे विचारलं, "निरंक म्हणजे कोणाचीच हरकत नव्हती, की कोणाची हरकत पोहोचली नाही?" मला उत्तर देता आलं नाही. ज्या विषयात पदव्युत्तर पदवी घेतली त्या विषयातला पहिल्या वर्षाचा धडा आहे हा: शून्य वेगळं आणि नोंद नसणं वेगळं. गंमत म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये नोंद नसलेल्या घरात 'एनए' असंच लिहून येतं. माझ्या तक्त्यात दोन्ही अर्थांचे एनए शेजारी शेजारी होते आणि मी एकाच अर्थाने वाचत होते.

त्याच सुमारास आमच्या नात्यातल्या एका काकांचं कळलं. गावाचं नाव लिहीत नाही. त्यांच्या बांधाला लागून असलेला गट निवासी झाला होता. काकांना ते कळलं कधी, तर मुरूम टाकायला डंपर आले तेव्हा. त्या गटातून पावसाचं पाणी एका चारीने खाली जायचं. भराव पडला, चारी बुजली, पहिल्या मोठ्या पावसात काकांचं कांद्याचं रोप पाण्याखाली. मी त्यांना म्हटलं, "काका, सूचना निघाली असणार, महिनाभर मुदत असते, हरकत का नाही घेतलीत?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी परग्रहावरून आले आहे. "अगं, सूचना कुठं लावली व्हती?" राजपत्रात, वर्तमानपत्रात, आणि नकाशा बघायला जिल्ह्याच्या गावी. काका जिल्ह्याच्या गावी जातात ते दवाखान्याच्या कामाला.

त्या फाईलमध्येही हरकती निरंकच असणार.

म्हणून आता मी तो रकाना मोडून वेगळा केला आहे. सूचना कोणत्या तारखेला, कोणत्या वर्तमानपत्रात, नकाशा कुठे ठेवला, ते ठिकाण गटापासून किती किलोमीटर, मुदत कापणी-लागवडीच्या दिवसांत येत होती का, सुनावणीला कोणाला बोलावलं. हे सगळं भरल्यावर मगच हरकतींची संख्या. जिथे हे कळत नाही तिथे ० लिहीत नाही, घर रिकामं ठेवते. तक्ता आता भिकार दिसतो, अर्धा पांढरा आहे. गाईड म्हणाले, यातून निष्कर्ष काय काढणार?

दुसरं भगदाड नाकारलेल्या अर्जांचं आहे. राजपत्रात येतं ते सूचनेपर्यंत पोहोचलेलं. जे अर्ज टेबलावरच परत गेले, किंवा चार वर्षं त्रुटींच्या पत्रांत फिरत राहिले, ते कुठेच छापले जात नाहीत. फक्त अधिसूचना मोजल्या तर मंजुरीचं प्रमाण प्रचंड दिसणार, आणि मग 'शासन सरसकट मंजुरी देतं' असं ठोकून लिहिणार. कदाचित खरं असेलही. पण तुम्ही दाखवलेलं नाही. आवक नोंदवही मागा. तिच्यात आलेला प्रत्येक अर्ज असतो, तारखेसकट. नोंदवहीतून सुरुवात करून अर्ज पुढे कुठे गेला हे शोधत जा. उलट्या दिशेने, म्हणजे अधिसूचनेकडून मागे, येऊ नका. मी उलटी आले होते.

गेल्या आठवड्यात नामपूरला होते तेव्हा काका भेटले. चारी मोकळी करून द्या म्हणून त्यांनी अर्ज दिलाय. कुठे दिला विचारलं तर म्हणाले, "ग्रामपंचायतीत. अजून कुठं देनार?" पोच घेतली का विचारलं. नव्हती घेतली. उद्या दोघं जाऊन पोच घेणार आहोत.